वैमानिकाचा डावा हात

मंगळवार, २४ नोव्हेंबर १९६४. सकाळी सव्वादहाला चहाची गाडी आमच्या विमान कारखान्याच्या आरेखन विभागात आली, तेव्हा एडगर ब्रिंबल यांनी चहा घेतला नाही. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. पहिल्यांदा युद्धात, कारखान्यावर बॉम्ब पडले त्या दिवशी; आणि तेव्हाही चहाची गाडीच उलटली होती म्हणून.

ब्रिंबल मुख्य तपासनीस होते. नकाशा कोणीही काढो, खालच्या कोपऱ्यात ब्रिंबल यांची हिरव्या शाईतली सही झाल्याशिवाय तो कारखान्यात जात नसे. त्यांच्या सहीने गेलेला एकही भाग आजवर परत आला नव्हता. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

त्यांच्यासमोर फ्रान्समधल्या तुलूझहून आलेला एक मोठा कागद पसरलेला होता. कागदाच्या कडेला फ्रेंचमध्ये एक ओळ होती. त्यांनी ओळीवरचं बोट न उचलता हाक मारली, "मिस ग्विलियम, जरा इकडे या. ही ओळ वाचा."

हेस्टर ग्विलियम आमची दुभाषी. वडील इथलेच, ब्रिस्टलचे, आई फ्रान्समधल्या बोर्दोची. आपल्याला दोन्ही भाषांत टोमणे मारता येतात म्हणून ही नोकरी मिळाली, असं ती सांगायची. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"'इंग्रजी पद्धतीप्रमाणे, शेपटाकडून पाहताना. जूनमधल्या भेटीत ठरल्याप्रमाणे.' चांगलंय की. तुमच्यासाठी एवढं केलंय त्यांनी. कौतुक करा कधीतरी."

"जूनमध्ये असं ठरलंच नव्हतं," ब्रिंबल म्हणाले. "उलट ठरलं होतं."

यातली अडचण समजायला एक गोष्ट माहीत हवी. विमानाचं लांबट धड सुरीने काकडी कापावी तसं आडवं कापलं, तर कापलेला गोल कागदावर काढता येतो. पण त्याआधी ठरवावं लागतं की बघणारा उभा कुठे आहे. आमच्याकडे तो शेपटाशी उभा राहून नाकाकडे बघतो. म्हणजे वैमानिकाचा डावा हात तो बघणाऱ्याचाही डावा. तुलूझचा माणूस नाकाशी उभा राहून शेपटाकडे बघतो. त्याच्यासाठी वैमानिक समोरून येतोय. वैमानिकाचा डावा तो याचा उजवा. दोन्ही रीती बरोबर आहेत. फक्त समोरचा कुठे उभा आहे हे दोघांना ठाऊक पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या सरकारांनी करार केला होता, आवाजापेक्षा वेगाने प्रवासी नेणारं विमान दोघांनी मिळून बांधायचं. नाक आणि शेपूट आमच्याकडे, पंख आणि मधलं धड त्यांच्याकडे. चाचणीसाठी धडाचा एक तुकडा आधी तयार होत होता. त्यात आमचा भाग आणि त्यांचा भाग जिथे भेटणार तिथे दोन्हीकडे एकेक मोठं धातूचं कडं होतं. आमचं कडं आम्ही करायचं, त्यांचं त्यांनी, आणि गुरुवारी ३ डिसेंबरला तुलूझमध्ये दोन्ही कडी एकमेकांना भिडवायची. कड्याला नळ्या आणि तारा जाण्यासाठी अकरा भोकं होती. सात वैमानिकाच्या डाव्या हाताला, चार उजव्या.

जूनमध्ये ब्रिंबल आणि हेस्टर तुलूझला गेले होते. तिथले मुख्य तपासनीस फेलिक्स पुएश यांनी त्यांना जेवायला नेलं. जेवण अडीच तास चाललं. ब्रिंबल यांना परक्या अन्नाची धास्ती असल्याने त्यांनी घरून आणलेला डबा उघडून पुएश यांच्या शेजारी बसून चीज-लोणच्याचं सँडविच खाल्लं. पुएश यांनी फक्त डब्याकडे एकदा बघितलं. जेवणाच्या मध्येच हेस्टरची दाढ ठणकू लागली, ती औषधाचं दुकान शोधायला गेली आणि पाऊण तास परतली नाही. त्या पाऊण तासात या दोघांनी हातवारे करून, पावाचा तुकडा विमान म्हणून फिरवून, बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे ठरवलं. मग हात मिळवले.

घरी येताना ब्रिंबल यांना त्या सँडविचची लाज वाटली. निदान नकाशे तरी त्यांच्या पद्धतीने काढायचं मी कबूल केलंय, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. जुलैमध्ये कड्याचा नकाशा तुलूझला गेला तो नाकाकडून पाहिलेला. तसं त्यावर लिहिलं मात्र नव्हतं. ठरलेलंच होतं, लिहायचं कशाला?

आणि आता समोर हा कागद होता. पुएश यांनीही जूनपासून पाहुण्यांच्या सोयीसाठी आपली पद्धत सोडून आमची घेतली होती.

"म्हणजे," हेस्टर सावकाश म्हणाली, "त्यांनी तुमचा नकाशा शेपटाकडून वाचला असेल."

"असेल."

"मग त्यांची सात भोकं..."

"उजव्या हाताला."

हेस्टरने खुर्ची ओढली आणि बसली. "दोन सभ्य माणसं," ती म्हणाली, "आणि एक दाढ."

चूक कळली तर ती दुरुस्त करायची रीत ठरलेली होती. त्यासाठी पिवळा कागद असायचा. त्यावर चूक कुठे, कोणाची, कशी, हे दोन्ही भाषांत लिहायचं, अकरा प्रती काढायच्या आणि त्या दोन्ही देशांच्या मंत्रालयांपर्यंत जायच्या. एरवी ब्रिंबल यांनी तो पाच मिनिटांत भरला असता. पण लंडनमध्ये नवीन सरकार येऊन सहा आठवडे झाले होते, आणि पहिल्या पंधरवड्यातच त्याने सांगून टाकलं होतं की या विमानाचा फेरविचार होणार. करारात बाहेर पडायचं कलम नव्हतं, म्हणून कारण शोधणं चालू होतं. त्यासाठी लॅथबरी नावाचे एक उंच, सर्दीने बेजार झालेले गृहस्थ आठवडाभर आमच्याकडे येऊन बसले होते. काम पुढे न्यावं की थांबवावं, याचा अहवाल ते लिहिणार होते. ३ तारखेच्या जोडणीलाही ते जाणार होते.

"पिवळ्या कागदाची तिसरी प्रत लॅथबरींकडे जाते," हेस्टरने आठवण करून दिली. "'दोन देशांना डावं-उजवं कळत नाही.' उद्याच्या पेपरात मथळा तयार."

"तार?"

"तारेची आणि पत्राची नक्कलही त्यांच्याकडेच."

"मग फोन लावा."

तुलूझचा फोन आधी मागून ठेवावा लागे आणि बोलायला तीन मिनिटं मिळत. उन्हाळ्यापासून प्रत्येक फोनची नोंद एका वहीत होत असे. तो आठवडाभर लॅथबरी फोनच्याच खोलीत बसून ती वही वाचत होते, कारण त्या खोलीतली शेगडी बरी चालायची. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन लागला तेव्हा ते पेपरमिंट चघळत तिथेच होते.

"माझ्यामुळे थांबू नका," ते नाक पुसत म्हणाले. "मी नाहीच असं समजा."

तसं समजणं कोणालाच जमलं नाही. हेस्टरने फोन कानाला लावला आणि ब्रिंबल यांच्याकडे पाहिलं.

"विचारा, कड्याची भोकं पाडून झाली का?"

हेस्टर बोलली, ऐकलं. "उद्या सकाळी पाडणार म्हणतात. विचारतायत, काही विशेष?"

ब्रिंबल यांनी लॅथबरींच्या पाठीकडे पाहिलं. "सांगा, नव्या नकाशावरची ओळ वाचली. आमच्यासाठी पद्धत बदललीत, आभारी आहोत. पण त्याची गरज नव्हती. आम्ही तुमच्याच पद्धतीने जाऊ."

हेस्टरने सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "म्हणतायत, छे छे, असं कसं? तुमचीच पद्धत ठेवू. तुम्ही पाहुणे."

"सांगा, पाहुणे तेव्हा होतो. आता नाही. तुमचीच ठेवा."

"म्हणतायत, ते शक्य नाही. तुमच्या इच्छेबाहेर जाणार नाही."

"आमची इच्छाच ती आहे की..."

"तीन मिनिटं झाली," हेस्टर म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

लॅथबरींनी वही पुढे ओढली. "विषय काय लिहू?"

"कामाची पद्धत," ब्रिंबल म्हणाले.

लॅथबरींनी तेच लिहिलं आणि समोर शेरा दिला: संबंध सौहार्दपूर्ण.

बाहेर आल्यावर ब्रिंबल यांनी कॉलर सैल केली. "त्यांना कळलं असेल का?"

"कळलं असणार. मधे गप्प झाले ना, तेव्हाच. तो माणूस बोलताना कधी गप्प होत नाही."

"म्हणजे ते आता फिरवतील. उजवीकडची सात डावीकडे घेतील."

"किंवा त्यांना वाटेल की तुम्ही फिरवणार, आणि आहे तसं ठेवतील. तुम्ही एवढ्या आग्रहाने सांगितलंत."

"त्यांनी मला तेवढ्याच आग्रहाने सांगितलं."

"हो ना," हेस्टर म्हणाली. "काय गोड बोलता हो तुम्ही दोघं."

आता गोष्ट अशी होती. दोघांपैकी नेमक्या एकानेच फिरवलं, तर कडी जुळणार होती. दोघांनी फिरवलं किंवा कोणीच फिरवलं नाही, तर दोन्ही सरकारांच्या माणसांसमोर सात नळ्या चार भोकांसमोर येणार होत्या. आणि नकाशावर हिरव्या शाईत एकाच माणसाची सही होती.

कड्याचं काम लेन विदर्सच्या शेडमध्ये चाललं होतं. विदर्स मुकादम. तो आणि ब्रिंबल एकाच वर्षी कारखान्यात लागले होते. संध्याकाळी साडेचारला ब्रिंबल तिथे गेले. कडं लाकडी घोडीवर उभं होतं, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, घासून लख्ख केलेलं, अजून एकही भोक नसलेलं.

"आलास? मला वाटलं आता तुझ्या अंत्यविधीचा निरोप येतो," विदर्स म्हणाला. "चहा सोडलास म्हणे सकाळी. अख्ख्या कारखान्यात बातमी आहे."

"भोकं कधी पाडतोयस?"

"गुरुवारी सकाळी. शनिवारी लॉरी निघेल. का रे?"

ब्रिंबल यांनी त्याला सगळं सांगितलं. विदर्सने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हे आमच्या माहितीत पहिल्यांदाच.

"मग फिरव की तू, राजा," तो शेवटी म्हणाला. "सात उजवीकडे. झालं."

"आणि त्यानेही फिरवलं तर?"

"मग तू फिरवू नकोस."

"आणि त्यानेही नाही फिरवलं तर?"

विदर्सने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे आमच्या गल्लीतल्या मिसेस टकसारखं झालं. रोज सकाळी बेकरीच्या दारात आम्ही समोरासमोर येतो. ती डावीकडे सरकते, तर मीही त्याच बाजूला. ती उजवीकडे, तर मी पुन्हा त्याच बाजूला. सात वर्षं चाललंय. बायकोला संशय यायला लागला होता."

"मग काय करतोस?"

"काही नाही. आता मी हलतच नाही. खांबासारखा उभा राहतो. ती जाते निघून."

ब्रिंबल कड्याकडे बघत राहिले. किती वेळ, ते विदर्सला सांगता आलं नाही. पण तेवढ्या वेळात विदर्सची सिगारेट ओढून संपली.

"भोकं पाडू नकोस," ब्रिंबल म्हणाले.

"म्हणजे कधी पाडू?"

"पाडूच नकोस. कडं असंच जाऊ दे. जागा कुठे हे नक्की होईल तेव्हा तिथेच पाडू, दोन्ही कडी एकावर एक धरून."

"अर्धवट भाग? तुझ्या सहीने?" विदर्सला ते खरंच वाटेना. "एडगर, गेल्या वर्षी एक खिळा कमी होता म्हणून तू माझी अख्खी खेप परत पाठवली होतीस."

"बरोबरच होतं ते."

"आणि त्यांनी भोकं पाडलेली असली तर? आपलं कोरं कडं बघून काय म्हणतील ते लंडनवाले?"

"म्हणतील, इंग्रजांचं काम अपुरं. ते खरंही असेल. चुकीचं आहे असं कोणाला म्हणता येणार नाही."

त्यांनी कड्याबरोबरचं कार्ड मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं: नळ्यांची भोकं जोडणीच्या जागी पाडावीत. खाली सही केली. मग टेबलाशी जाऊन पिवळा कागदही भरला. चूक कोणाची या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ३ तारखेला काहीही झालं तरी तो स्वतःच्या हाताने लॅथबरींना द्यायचा, हे त्यांनी हेस्टरला तेव्हाच सांगून टाकलं.

"मग आत्ताच का नाही देत?"

"आत्ता दिला तर जोडणीच होणार नाही. कडी भिडतात की नाही हे बघितल्याशिवाय कोणी विमान बंद करू नये. बघून करावं."

शनिवारी लॉरी निघाली. कडं ज्या पेटीत होतं तिला दोन्ही देशांची मोहर होती आणि दोन्ही देशांची माणसं हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही असा नियम होता. त्यामुळे पेटी बुधवारी तुलूझला पोचूनही तिच्यात काय आहे हे तिथे कोणाला कळायचा प्रश्न नव्हता.

मधल्या चार दिवसांत ब्रिंबल यांनी चहा घेतला, पण निम्मा ठेवला. सोमवारी त्यांनी एका साध्या बिजागरीचा नकाशा तीनदा तपासला. कॅन्टीनमध्ये पैजा लागल्या होत्या, विमान बंद पडणार की नाही यावर. ब्रिंबल आत आले की लोक विषय बदलायचे. खरी पैज कशावर आहे ते त्या कॅन्टीनमध्ये तिघांनाच ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी कारखान्याचं छोटं विमान तुलूझला निघालं. ब्रिंबल यांच्या शेजारी लॅथबरी बसले. ब्रिंबल यांच्या मांडीवर त्यांचा नेहमीचा पत्र्याचा डबा होता.

"शहाणे आहात," लॅथबरी म्हणाले. "मलाही ते लसणाचं सोसत नाही. सँडविच?"

"नाही," ब्रिंबल म्हणाले आणि झाकण उघडून दाखवलं. आत चिंधीत गुंडाळलेली भोकं पाडायची दोन पाती होती. "दीड इंची आहेत. तिकडे सगळं मिलिमीटरमध्ये असतं. त्यांच्याकडे या मापाची मिळणार नाहीत."

"पण भोकं पाडायची तुम्हाला काय गरज?"

"पडेल कदाचित," ब्रिंबल म्हणाले. लॅथबरींनी डब्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं आणि पेपरमिंट पुढे केलं.

विमान अकराला वीस मिनिटं कमी असताना उतरलं. अकरा वाजता शेडमध्ये सगळे उभे होते. पॅरिसहून चार जण आले होते, लंडनतर्फे लॅथबरी आणि आणखी दोघं, आणि कारखान्याचे लोक मागे कामाच्या कपड्यांत. पुएश पुढे आले. ठेंगणे, भुवया दाट, कोटावर पेन्सिलींची रांग. त्यांनी ब्रिंबल यांचा हात हातात घेतला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

"गप्प आहेत," हेस्टर हळूच म्हणाली.

"मी ऐकतोय," ब्रिंबल म्हणाले.

पेटीची मोहर तोडली. फळ्या निघाल्या, वरचा तेलकट कागद निघाला. आमचं कडं क्रेनने वर उचललं आणि गोल फिरत स्थिर झालं. पॅरिसच्या एका गृहस्थांनी मान पुढे काढली. कड्यात भोकं नाहीत हे कळायला अनुभवी माणसाला दोन सेकंद पुरतात, त्यांना पाच लागले. मागे कामगारांत कुजबुज सुरू झाली.

ब्रिंबल एक पाऊल पुढे झाले. "मिस ग्विलियम, जसं बोलतो तसं सांगा. गाळू नका, गोड करू नका. आमचं कडं अपुरं आहे. कारण..."

हेस्टरने पहिलं वाक्य सांगितलं मात्र, पुएश यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी वळून आपल्या माणसांना काही सांगितलं. दोघांनी दुसऱ्या घोडीवरची ताडपत्री ओढली.

त्यांचं कडं उभं होतं. घासून लख्ख केलेलं. एकही भोक नसलेलं.

ब्रिंबल यांनी आधी कड्याकडे पाहिलं, मग पुएश यांच्याकडे. पुएश यांनी खांदे उडवले आणि हेस्टरशी भरभर बोलले.

"म्हणतायत," हेस्टर म्हणाली, "इंग्रज माणूस उगाच तीन मिनिटं आभार मानायला फोन करत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी तुमचा जुलैचा नकाशा काढला, दोन्ही बाजूंनी वाचला, आणि बुधवारचं काम थांबवलं. तुम्ही फिरवणार की नाही हे त्यांना कळेना. रात्रंदिवस विचार केला. शेवटी ठरवलं, पाडूच नयेत. बायको म्हणाली, इतकी वर्षं कोणाला अर्धं काम दिलं नाहीस, आता म्हातारपणी सुरुवात करतोयस."

ब्रिंबल हसले. आमच्यापैकी कोणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि हेस्टरनेही नंतर ते वर्णन करायचा प्रयत्न सोडून दिला. ते हसता हसता जवळच्या पिंपाला टेकले.

लॅथबरींनी रुमाल खिशात ठेवला. "मला कोणी सांगेल का, काय चाललंय?"

ब्रिंबल यांनी आतल्या खिशातून पिवळा कागद काढून त्यांच्या हातात दिला. "यात सगळं आहे. चूक माझी. कोण कुठून बघतोय हे नकाशावर लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही."

पुएश यांनी काय चाललंय ते ओळखलं असावं. त्यांनीही खिशातून एक कागद काढला. तोही पिवळा, तोही घडी घातलेला. चूक कोणाची या रकान्यात फेलिक्स पुएश हे नाव.

लॅथबरींनी दोन्ही वाचले. फ्रेंच त्यांना वाचता येत होतं, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं.

"पण एकमेकांना सरळ विचारलं का नाही?"

"विचारलं होतं, साहेब," हेस्टर म्हणाली. "तुम्हीच शेजारी बसला होतात. तुम्ही लिहिलंत, संबंध सौहार्दपूर्ण."

आधी लंडनवाले हसले. भाषांतर झाल्यावर पॅरिसवाले हसले. लॅथबरी सगळ्यांत शेवटी, आणि त्यांना लगेच शिंक आली.

मग दोन्ही कडी भिडवली. पुएश यांनी फटीत मापाची पट्टी घालून पाहिली. सबंध घेरात ती कुठेच शिरली नाही. ब्रिंबल यांनी स्वतःची पट्टी घालून पुन्हा पाहिलं. तीही शिरली नाही. तेव्हा पहिल्यांदा मागच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

भोकांच्या जागा नक्की करायच्या राहिल्या होत्या. त्यासाठी पुएश नाकाच्या बाजूला गेले आणि ब्रिंबल शेपटाच्या. मधे कड्याचा मोठा गोल, त्यातून दोघं एकमेकांना दिसत होते. हेस्टर बाजूला उभी राहून म्हणाली, "आता दोघांनीही वैमानिकाचा डावा हात दाखवा. बोलायचं नाही."

पुएश यांनी आपला उजवा हात आडवा केला. ब्रिंबल यांनी डावा. दोन्ही हात एकाच भिंतीकडे होते. त्या भिंतीवर आग विझवायची लाल बादली टांगलेली होती.

"बादलीकडे सात," हेस्टरने दोन्ही भाषांत जाहीर केलं.

ब्रिंबल यांच्या डब्यातली पाती यंत्राला बसवली आणि साडेअकराला पहिलं भोक दोन्ही कड्यांतून एकाच वेळी आरपार गेलं. एक वाजता अकरावं. त्या दिवसानंतर आमच्या आणि त्यांच्या प्रत्येक नकाशावर बघणाऱ्याच्या जागी एक छोटा डोळा काढायची पद्धत सुरू झाली. ती कोणी सुचवली याबद्दल दोघंही दुसऱ्याचं नाव सांगतात.

लॅथबरींचा अहवाल हेस्टरला पुढे टंकनासाठी आलेल्या कागदांत दिसला. त्यात या प्रकाराबद्दल दोन वाक्यं होती: "दोन्ही बाजूंना खात्री नव्हती तेव्हा दोन्ही बाजूंनी काम थांबवलं आणि चूक आपली म्हणून लिहून दिली. सरकारी कामात मी हे आजवर पाहिलेलं नाही." जानेवारीत लंडनने विमान चालू ठेवायचं ठरवलं. त्यामागे करार होता, वकील होते, पॅरिसची नाराजी होती. कड्याचा त्याच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. विदर्स मात्र संबंध आहे असंच सांगतो, आणि श्रेय मिसेस टकला देतो.

त्या गुरुवारी सव्वा वाजता पुएश त्यांना जेवायला घेऊन गेले. तीच खानावळ, तेच टेबल. बदक आणि पांढऱ्या घेवड्याचं मातीचं भांडं मधे आलं, वाफाळतं. पुएश यांनी ब्रिंबल यांच्या डब्याकडे पाहिलं. ब्रिंबल यांनी झाकण उघडून तो उलटा केला. टेबलावर थोडा धातूचा कीस सांडला, बाकी काही नव्हतं.

पुएश यांनी त्यांच्या ताटात मोठा डाव वाढला. ब्रिंबल यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग ताट पुन्हा पुढे केलं.

हेस्टर तेवढ्यात खुर्ची मागे सरकवून उठायला लागली.

"कुठे निघालात?" ब्रिंबल यांनी विचारलं.

"हात धुवायला."

"बसा," ते म्हणाले. "आज दाढ उपटून हातात आली तरी उठायचं नाही."

हेस्टर बसली, आणि तिने ते पुएश यांनाही सांगितलं.